चौदा पुस्तकांची यादी आणि एक पेन्सिल

पत्र कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीचं आहे. अकरावी सायन्सची परीक्षा झाली, जूनमध्ये बारावी सुरू. गणित आहे, बायॉलॉजी घेतलेली नाही. इंजिनिअरिंग नको, फिजिक्सच करायचंय. पुण्याचं आयसर, म्हणजे मूलभूत विज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची संस्था, मिळालं तर उत्तम, नाहीतर इथल्याच कॉलेजात बीएस्सी. सीनियर, क्लासचे सर आणि पुण्याचे मामा या तिघांच्या सांगण्यावरून चौदा पुस्तकांची यादी झाली आहे. त्यात फाइनमन आहेत, इरोडोव्ह आहेत, ग्रिफिथ्स आहेत, हॉकिंग आहेत. बाबांनी पुस्तकांसाठी दोन हजार रुपये कबूल केलेत. हॉकिंगचं 'अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम' आणलं, ते साठाव्या पानाशी थांबलं. ती लिहिते: "दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. इंग्रजी पुस्तकाच्या एका पानाला अर्धा तास लागतो. अर्ज भरायच्या आधी यातली निदान आठ-दहा तरी वाचून व्हायला हवीत ना? मुलाखतीत विचारलं तर काय सांगू?"

*

आधी मुलाखतीचं बघू, कारण तुझी सगळी घाई तिथूनच आलेली दिसते. तशी मुलाखत नाहीच. देशातल्या सातही आयसरांसाठी एकच परीक्षा असते, आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. तीन तास, 60 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर 1 वजा. इथल्या कॉलेजांत बीएस्सीला बारावीचे गुण बघतात. भुवनेश्वरच्या नायसरला आणि मुंबईच्या सीईबीएसला जायचं तर नेस्ट नावाची वेगळी परीक्षा आहे. यात कुठंही समोर बसून कुणी "काय काय वाचलंस?" असं विचारत नाही. तेव्हा दाखवायला म्हणून जी पुस्तकं यादीत आली आहेत, ती आत्ताच खोडून टाक.

तुझ्या पत्रात जो प्रश्न नाही, तो मात्र आहे. आयसरच्या त्या 60 प्रश्नांत फिजिक्सचे 15 असतात. बाकी गणिताचे 15, केमिस्ट्रीचे 15 आणि बायॉलॉजीचेही 15. तू बायॉलॉजी घेतलेली नाहीस आणि तिथं विषय गाळायची सोय नाही. चौदा फिजिक्सची पुस्तकं वाचून पाव पेपर सुटेल. त्याऐवजी एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईच्या मुलांना असते ती, अकरावी-बारावीची बायॉलॉजी आठवड्याला एक धडा या चालीनं वाचलीस, तर निदान सात-आठ प्रश्नांना हात घालता येईल. नेस्टला चारपैकी ज्या तीन विषयांत जास्त गुण असतील तेच धरतात, त्यामुळे गणितवाल्यांना ती सोयीची जाते. पुढं नियम बदलले तर माहितीपत्रकात कळेलच. फॉर्म भरण्याआधी ते एकदा नीट वाच.

आता पुस्तकं. "एका पानाला अर्धा तास लागतो" हे तू तक्रार म्हणून लिहिलंयस. फिजिक्सच्या पुस्तकाचा तोच वेग आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलीलाही त्या पानाला अर्धा तासच लागायला हवा. तिला पाच मिनिटं लागत असतील तर ती अक्षरं वाचतेय. पान वाचून बाजूला कागदावर काहीच आलं नाही, तर ते पान वाचलं असं धरायचं नाही. तुझं हॉकिंगचं पुस्तक इथंच फसलं. ते 1988 चं गाजलेलं पुस्तक, पण त्यात समीकरण एकच आहे, आइनस्टाइनचं. पेन्सिलला तिथं कामच नाही, म्हणून साठाव्या पानापर्यंत सगळं कळतंय असं वाटतं आणि मग एकदम काहीच कळेनासं होतं. साठावर थांबणारी तू एकटी नाहीस.

पुस्तक निवडण्याआधी एक उदाहरण सोडव. खडबडीत फरशीवर 5 किलोचा ठोकळा स्थिर आहे. स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.4, जी म्हणजे गुरुत्वत्वरण, ते 10 धर. ठोकळ्याला आडवा 10 न्यूटन जोर लावला. घर्षणबल किती?

पुढं वाचण्याआधी उत्तर लिही.

20 लिहिलं असशील तर तू सूत्रात आकडे भरलेस: 0.4 गुणिले 5 गुणिले 10. मग बघ काय होतं. तू पुढं 10 न्यूटननं ढकलतेस आणि फरशी मागं 20 न्यूटननं ढकलते. म्हणजे ठोकळा तुझ्याच अंगावर चालून यायला हवा! उत्तर 10. घर्षण लागेल तेवढंच वाढतं, 20 ही फक्त त्याची कमाल मर्यादा आहे. असं उदाहरण चुकणं यात लाज नाही, पण चुकलं असेल तर यादीतली अकरा पुस्तकं आत्ता तुझ्यासाठी नाहीत. बरोबर आलं असेल तर दहा नाहीत.

का नाहीत ते सांगते, म्हणजे मामांनाही सांगता येईल. ग्रिफिथ्सचं विद्युतचुंबकत्वाचं पुस्तक सुंदर आहे, पण ते सदिश कलनावर (व्हेक्टर कॅल्क्युलसवर) उभं आहे आणि ते तुला कॉलेजात भेटेल. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास ते घे. क्लेपनर-कोलेन्कोचं मेकॅनिक्स आणि पर्सेलचं विद्युतशास्त्र ही प्रवेश मिळाल्यानंतरच्या सुट्टीची पुस्तकं. इरोडोव्हमध्ये शिकवणं नाहीच. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर चार सूत्रं, खाली उदाहरणं, शेवटी उत्तरं. ज्याचा पाया झालाय त्याच्यासाठी ती तालीम आहे. ज्याचा झाला नाही तो तिसऱ्या उदाहरणाला "मला फिजिक्स जमत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दरवर्षी कितीतरी मुलं या एका पुस्तकापायी स्वतःवर उगाच नापासाचा शिक्का मारून घेतात.

फाइनमन जरा वेगळे. ही व्याख्यानं 1961 ते 1963 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली आहेत आणि मूळ तीन खंडांत सोडवायला उदाहरणंच नाहीत. ऐकताना सगळं पटतं, हातात मात्र काही उरत नाही. तरी सोडू नकोस. कॅलटेकनंच तिन्ही खंड इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, विकत घ्यायची गरज नाही. पहिल्या खंडातलं पहिलं प्रकरण अणूंचं, चौथं ऊर्जेच्या अक्षय्यतेचं आणि सव्विसावं प्रकाश कमीत कमी वेळाचा रस्ता कसा धरतो त्याचं. ही तीन वाच, महिन्याला एक.

मग उरलं काय? एक मुख्य पुस्तक, आणि ते एच. सी. वर्मांचं 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'. पहिल्या भागात 1 ते 22 प्रकरणं आहेत, दुसऱ्यात 23 ते 47. रेस्निक-हॅलिडेही चांगलं आहे, चित्रं जास्त, समजावणं ऐसपैस, पण दोन्ही नकोत. दोन मुख्य पुस्तकं घेतली की प्रत्येक अवघड जागी माणूस दुसरं उघडतो आणि दोन्हींची पहिली तीस पानं मळतात, पुढची कोरी राहतात. घरात कुणी आधीच हॅलिडे घेऊन ठेवलं असेल तर तेच वापर, जुनी आवृत्ती चालते. वर्मा सुचवण्याचं कारण त्याची इंग्रजी. वाक्यं छोटी आहेत, आणि उदाहरणांत बस, विहीर, पंखा आपल्याकडचे आहेत.

वर्मांच्या आधी मात्र पाठ्यपुस्तक. इथं स्टेट बोर्डाच्या मुलांना एक खाच माहीत हवी. एनसीईआरटीत घूर्णन गती (रोटेशन), दोलनं, उष्मागतिकी हे सगळं अकरावीला आहे. बालभारतीत ते बारावीला आहे. म्हणजे आज तुझी अकरावी झाली तरी हे भाग तू पाहिलेले नाहीत, आणि सीबीएसईची मैत्रीण त्यांच्याबद्दल बोलायला लागली की तुला वाटतं आपण मागं पडलो. पडलेली नाहीस, क्रम वेगळा आहे एवढंच. दोन्ही पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात.

गणिताची अडचण याहून खरी आहे. फिजिक्सच्या तासाला वेग म्हणजे स्थानाचं अवकलन (डिफरन्सिएशन) असं जूनमध्येच सांगून टाकतात. गणिताच्या तासाला अवकलन अकरावीच्या शेवटी येतं आणि समाकलन (इंटिग्रेशन) बारावीच्या दुसऱ्या भागात. मधले महिने मुलं सूत्रं पाठ करून काढतात आणि मग ती सवय लागते. म्हणून सुट्टीचे पहिले दहा दिवस फिजिक्स नकोच. वर्मांचं दुसरं प्रकरण सदिश आणि कलन याचंच आहे, आणि बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरणही. रोज वीस अवकलनं: एक्सचे घात, साइन, कोसाइन, गुणाकाराचा नियम, साखळी नियम. सहाव्या दिवसापासून दहा अवकलनं, दहा सोपी समाकलनं. जास्त आधार लागला तर सिल्व्हेनस थॉम्पसन यांचं 1910 चं कॅल्क्युलसचं छोटं पुस्तक आहे. त्याचा कॉपीराइट संपलाय, फुकट उतरवून घेता येतं.

आता भाषा. तुझी भीती चुकीच्या जागी आहे. वर्मांच्या पुस्तकातलं इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकापेक्षा सोपं आहे. अडतं ते वीस-पंचवीस शब्दांशी, कारण ते शब्द साधे दिसतात आणि प्रत्यक्षात अटी असतात. 'स्मूथ' म्हणजे गुळगुळीत हे कळून उपयोग नाही, 'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वस्तुमान धरू नको, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ताण सारखा. 'इनएक्स्टेन्सिबल' म्हणजे दोरी लांबत नाही, म्हणून ताठ दोरीला बांधलेल्या दोन्ही वस्तूंच्या त्वरणाचं मूल्य एकच. 'जस्ट बिगिन्स टु स्लाइड' म्हणजे स्थितिक घर्षण आता कमाल झालं, मघाच्या उदाहरणातले 20 न्यूटन इथं वापरायचे. 'जेन्टली प्लेस्ड' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. एक दोनशे पानी वही घे. डावीकडं शब्द, उजवीकडं त्याची अट, गणिताच्या भाषेत. वही वीस-पंचवीस शब्दांपर्यंत गेली की पानाला लागणारा अर्धा तास खऱ्या विचारात जायला लागेल.

आणि मराठी शब्द टाकू नकोस. वेग आणि संवेग, बल आणि शक्ती, कार्य आणि ऊर्जा हे दहावीपर्यंत नीट शिकलेली मुलगी 'पॉवर' आणि 'फोर्स' यांची गल्लत सहसा करत नाही. गंमत म्हणजे बोलताना आपण सगळे या सगळ्याला 'जोर' म्हणतो.

वाचायचं कसं तेही ठरवून टाकू. वर्मांचं प्रत्येक प्रकरण सारखं बांधलेलं आहे: विवेचन, सोडवलेली उदाहरणं, छोटे प्रश्न, दोन प्रकारचे बहुपर्यायी प्रश्न आणि शेवटी सराव. विवेचन पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाच. सोडवलेल्या उदाहरणावर कागद ठेव, फक्त प्रश्न उघडा ठेव. दहा मिनिटं स्वतः झगड. नाही आलं तर कागद एक ओळ खाली सरकव, पूर्ण नाही. सगळ्यांत जास्त चूक इथंच होते. मुलं सोडवलेली उदाहरणं वाचून काढतात. खासबागेत कट्ट्यावर बसून कुस्ती बघितल्यासारखं ते. छोटे प्रश्न मात्र एकही गाळू नकोस. आकडे नसल्यामुळे ते कुणी सोडवत नाही, आणि आकलनाची परीक्षा तिथंच होते. त्यांची उत्तरं घरात कुणाला तरी मोठ्यानं मराठीत सांग.

सरावातलं प्रत्येक तिसरं उदाहरण घे: 1, 4, 7, 10. वीस झाली की मोज. सात ते बारा स्वतःहून सुटली तर पुस्तक तुझ्या मापाचं आहे. चारपेक्षा कमी सुटली तर त्या प्रकरणापुरतं एनसीईआरटीकडं परत जा, पुस्तक बदलू नकोस. अठरा सुटली तर उरलेली सोड आणि पुढच्या प्रकरणाला लाग. न सुटलेल्यावर तारीख घाल आणि पूर्ण एक दिवस उत्तर बघू नकोस. वर्मांची उत्तरं सोडवून ठेवलेल्या फाइल मोबाइलवर सहज मिळतात. दोनदा बघितल्या की हात आपोआप तिकडं जातो. त्यात चुकाही असतात, आणि त्या कळायला आधी स्वतः सोडवलेलं असावं लागतं.

या चालीनं रोज दीड तास दिला तर एका प्रकरणाला आठ-दहा दिवस लागतात. कलनाचे दहा दिवस धरून सुट्टीच्या सहा आठवड्यांत तीन प्रकरणं होतील: पाचवं न्यूटनच्या नियमांचं, सहावं घर्षणाचं, आठवं कार्य आणि ऊर्जेचं. तीन म्हणजे कमी वाटतील, पण मेकॅनिक्स इथं पक्कं झालं की बारावीतलं अर्धं ओझं उतरतं. बारावी सुरू झाल्यावर कॉलेजात जो धडा चालू असेल त्याचंच वर्मांचं प्रकरण धर. कॉलेजच्या पुढं पळू नकोस.

प्रत्येक प्रकरणातली एक तरी गोष्ट घरात तपासून बघ. लंबकाचं सांगते. दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला दोरा बांध, खाली छोटं कुलूप. खिळ्यापासून कुलपाच्या कडीपर्यंत 100 सेंटिमीटर मोज. हातभर बाजूला नेऊ नकोस, दहा-पंधरा सेंटिमीटर पुरे. कोन 30 अंशांपर्यंत गेला तर आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि जी साडेतीन टक्क्यांनी कमी येतं. कुलूप सोड, ते सगळ्यांत खालच्या जागेवरून जाताना "शून्य" म्हण आणि घड्याळ चालू कर. पुन्हा त्याच दिशेनं जाताना "एक". वीस झाली की थांबव. शून्याऐवजी "एक"पासून सुरुवात केली, तर एकोणीस दोलनांना तू वीस म्हणशील आणि जी 10.6 येईल. ही चूक भलतीच लोकप्रिय आहे.

आता लंबकाच्या सूत्रात आकडे भर. कोल्हापुरात जी 9.78 च्या आसपास हवं, तुझं 9.6 येईल. चूक घड्याळाची नाही. लंबकाची लांबी कडीपर्यंत नसते, कुलपाच्या वस्तुमानमध्यापर्यंत असते, आणि तो कडीच्या दोन सेंटिमीटर खाली कुठंतरी आहे. तो नेमका कुठं आहे हे न मोजता सुटका करून घेता येते. दोरा 50 सेंटिमीटरचा करून पुन्हा वीस दोलनं मोज. दोन्ही आवर्तकालांचे वर्ग कर आणि वजाबाकी कर. लांबीतला फरक 50 सेंटिमीटर पक्का आहे, कारण कुलपाचे ते दोन सेंटिमीटर दोन्हींत सारखेच होते, ते वजाबाकीत गेले. सूत्र कागदावर स्वतः मांड, दोन ओळींचं आहे.

हे अशासाठीही सांगितलं, की काही वाचकांची मुलं ब्रिटनमध्ये अर्ज करतात आणि तिथं लेखी निवेदन खरंच द्यावं लागतं. 2026 च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलंय आणि एकूण मर्यादा 4000 अक्षरांची आहे. त्यात दहा पुस्तकांची नावं घालून जागा वाया जाते. 9.6 का आलं आणि ते कसं सुधारलं हे पाच ओळींत लिहिलं तर निवड करणाऱ्याला हा मुलगा विचार कसा करतो ते कळतं.

दोन हजारांत वर्मांचे दोन्ही भाग येऊन पैसे उरतील. आधी पहिलाच भाग घे, दुसरा दिवाळीच्या सुमारास. निकालानंतर बारावी झालेली मुलं पुस्तकं निम्म्या किमतीत देऊन टाकतात, सीनियरांना विचार. उरलेल्या पैशांतून करवीर नगर वाचन मंदिराचं सभासदत्व घे. 1850 पासूनची ती संस्था आहे, आणि रात्री झोपण्याआधी वाचायला जे हवं ते तिथं शोधता येईल. जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' मिळालं तर तेच आण. नारळीकर 1938 साली याच गावात जन्मले आणि त्यांनी खगोलशास्त्र मराठीत लिहिलं. हॉकिंगचं पुस्तक साठाव्या पानावर खूण घालून कपाटात ठेव, बारावीनंतर तिथूनच पुढं वाच.

लंबक केलास की कळव. वीस दोलनांना किती सेकंद लागले, दोरा किती लांब होता, आणि वजाबाकीनंतर जी किती आलं.